रहस्यकथेचे बीज कोठे सापडते?

(ज्ञातिसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आजवर वैद्य, वकील, प्राध्यापक, इंजिनियर अशा मंडळींना मिळत आला आहे. तो रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला मिळावा, ही गोष्ट आम्हांसच थोडी रहस्यमय वाटते. काही वर्षांपूर्वी ज्ञातीतील कुटुंबांची माहिती छापून प्रसिद्ध झाली, तीत आमच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात 'इतर' असा शब्द होता. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पिस्तूल आणि आत पाचसहा मुडदे, ते लिहिणाऱ्याला कोणत्या रकान्यात बसवावयाचे, असे आम्हांस कोणी विचारले असते तर आम्हीही अडखळलोच असतो.

लग्नकार्यात, मुंजीत, इतकेच काय पण तेराव्याच्या पंगतीतही आम्हांस एक प्रश्न हमखास विचारला जातो. "हे सगळे तुम्हांला सुचते तरी कोठून?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक असते आणि थोडी भीतीही असते. ज्याला इतके खून सुचतात त्याच्या शेजारी जेवावयास बसणे कितपत बरे, असा भाव असतो. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पन्नास वर्षे हसून टाळले. आज वयाची ऐंशी जवळ आली असताना ते द्यावे असे वाटते, कारण त्या उत्तराचा एक भाग या सभागृहात बसलेल्या घराण्यांचा आहे.

प्रथम कबुलीजबाब. मराठी रहस्यकथेने इंग्रजी पुस्तकांवर पुष्कळ हात मारला आहे. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना असा काही मराठी पेहराव चढविला की आमच्या आजोबांच्या पिढीला मूळ साहेबाचा पत्ताही लागला नाही. पुढे बाबूराव अर्नाळकर आले. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९०६ ते १९९६ असे नव्वद वर्षांचे आयुष्य आणि हजाराहून अधिक रहस्यकथा! झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची माणसे आमच्या बालपणी शेजारच्या माणसांइतकी ओळखीची होती. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात अर्नाळकर घालून वाचले नाहीत, असे शपथेवर सांगू शकेल असा आमच्या वयाचा गृहस्थ येथे कोणी असेल तर त्याने हात वर करावा. नंतर गोव्याचे गुरुनाथ नाईक, पुण्याचे सुहास शिरवळकर. शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास किंवा दारा बुलंद यांच्या पुस्तकांसाठी वाचनालयांतून नंबर लागत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि व्यवसायबंधूच्या मत्सराने पाहिले आहे. या सर्वांच्या पंक्तीस शेवटच्या पाटावर आम्ही बसलो. आम्हीही सुरुवातीस इंग्रजीतून उचलले. पहिली तीन पुस्तके तर आमची म्हणावयासच आम्हांस संकोच वाटतो.

परंतु उचललेल्या कथेत एक खोड असते. ती चालते, पण तिला घाम येत नाही. लंडनच्या धुक्यातील माणूस आम्ही रविवार कारंजावर आणून उभा केला, त्याला फेटा बांधला, तरी तो चालताना आपला रेनकोटच सावरीत राहिला. तेव्हा मूळ साहेबांनी तरी आपली माणसे कोठून आणली, हे पाहावे म्हणून आम्ही शोध घेतला. कॉनन डॉयलने आपला होम्स एडिंबरोच्या आपल्या एका शिक्षकावरून घेतला होता. डॉक्टर जोसेफ बेल हे त्यांचे नाव. रोगी दारातून आत येताच त्याचा धंदा आणि त्याचा प्रवास ते सांगत. ॲगाथा ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधे देण्याचे काम करीत, तेथे विषांचे ज्ञान झाले; आणि गावात बेल्जियमचे निर्वासित आले होते, त्यांतून त्यांचा बेल्जियन गुप्तहेर निघाला. म्हणजे दोघांनीही फार लांब जाऊन काही आणले नव्हते. एकाचा मास्तर, एकीची नोकरी. हे वाचले आणि आम्ही आपल्या आळीकडे पाहिले.

आपल्या ज्ञातीला आळीविषयी काय सांगावे! तांबट आळीत जन्मलेल्या मुलाला ठोक्यांच्या आवाजात झोप लागते आणि ठोके थांबले की जाग येते. पाहुणे कानांत बोटे घालीत आणि आपली माणसे त्याच गलक्यात एकमेकांशी हळू आवाजात बोलत. आळीत कोणाचे निधन झाले की घरोघर हातोडे थांबत. निरोप जसा एका घरातून दुसऱ्या घरी जाई तशी शांतता आळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत येई. आम्ही लहान असताना एके दुपारी ती अशी सरकत आमच्या दारापर्यंत आली. वडिलांनी हातातला हंडा तसाच मांडीवर ठेवला आणि कोणी काही सांगण्यापूर्वीच ते म्हणाले, "वरच्या अंगाला कोणीतरी गेलं." त्यानंतर कितीतरी वर्षांनी, एका रात्री, आमच्या डोक्यात एक प्रश्न आला. निरोप पोचण्यापूर्वीच ज्याचा हातोडा थांबला, तो माणूस कोण?

एवढेच. त्या एका प्रश्नावर आमची एकशेसाठ पानांची कादंबरी उभी राहिली. सोलापूरच्या एका वाचकाने आम्हांस पत्र लिहून विचारले की, होम्सच्या न भुंकणाऱ्या कुत्र्याचीच ही चोरी नव्हे काय? त्यांना आम्ही उत्तर पाठविले की, ती गोष्ट आम्ही तोवर वाचलेली नव्हती, आणि आमच्या आळीतील कुत्री तर अहोरात्र भुंकत असत. त्यांचा विश्वास बसला नसावा. दुसरे पत्र आले नाही.

आमचा गुप्तहेर कोठून आला, तेही सांगतो. एकदा पोलिसांनी चोरीची भांडी पकडली आणि पंच म्हणून आमच्या वडिलांना बोलावून नेले. आम्ही त्यांचे धोतर धरून मागे गेलो. चोराने भांड्यांवर घातलेली नावे घासून काढली होती, तेव्हा भांडी कोणाची हे कळावयास मार्ग नव्हता. वडिलांनी एक हंडा उचलला, उजेडाकडे तिरपा धरला आणि त्यावरचा मठार पाहून तो कोणाच्या हातचा ते सांगितले. ठोका कसा पडतो, किती दाट पडतो, कोणत्या बाजूस झुकतो, हे प्रत्येक कारागिराचे निराळे असते. सही बदलता येते, ठोका बदलता येत नाही. मग त्या कारागिराला बोलावले, त्याने गिऱ्हाइकाचे नाव सांगितले, आणि भांडी मालकास मिळाली. वडील घरी आले ते बुडालेल्या रोजंदारीबद्दल कुरकुरत. आपण काही विशेष केले असे त्यांना वाटले नाही, आणि दुःखाची गोष्ट अशी की आम्हांलाही वाटले नाही. पुढे आम्ही गुप्तहेर निर्माण केला तेव्हा त्याला इंग्रजी टोपी घातली, तोंडात पाइप दिला, आणि त्या बापड्याला सिगारेटच्या राखेवरून माणसे ओळखावयास लावले. हंड्यावरचे ठोके वाचणारा माणूस घरात जेवावयास बसत असताना ही आमची भिकारी बुद्धी! सातव्या पुस्तकात ती टोपी काढली.

त्या दिवशी पंचनामा वाचून दाखविला गेला तोही आमच्या कानात राहिला. एक तांब्याचा हंडा, जुना वापरता, काठास पोचा आलेला, किंमत अंदाजे अमुक. पंचनाम्यात विशेषणे नसतात. भयंकर, रक्तरंजित, काळाकुट्ट असले शब्द त्यात शोधून सापडत नाहीत, आणि तरीही तो ऐकताना अंगावर काटा येतो. नाशिकला पोलिसांचे मोठे शिक्षणकेंद्र असल्यामुळे तेथे शिकून गेलेल्या काही अधिकाऱ्यांशी पुढे आमचा परिचय झाला. त्यांच्याकडूनही आम्ही तपासाच्या कथा फारशा मागितल्या नाहीत. पंचनामा कसा लिहितात, एवढेच पुन्हा पुन्हा विचारले.

आता नाशिकचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट जपून बोलावयाची आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा' नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. अठरा वर्षांचा मुलगा! हा विषय आमच्या लेखणीचा नव्हे. प्रकाशकांनी एकदा सुचविला होता, आम्ही नाही म्हटले. ज्यांच्या तसबिरीला हार घालतो त्यांच्यावर वाचनालयाच्या भाड्याचे पैसे मिळवावेत, हे आम्हांस रुचले नाही. परंतु त्या प्रकरणातील एक बारीक गोष्ट आमच्या मनातून जाईना. विलायतेहून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात आली ती एका पेटीच्या चोरतळात. आणि ती पेटी आणणारा चतुर्भुज अमीन हा लंडनच्या इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी होता. सरकारचे डोळे बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्या तरुणांवर. स्वयंपाक्याच्या सामानाकडे कोण पाहतो? त्या दिवसापासून कोणत्याही समारंभात गेलो की आमची नजर वाढप्यांवर, हिशेबनिसावर, चपला सांभाळणाऱ्या मुलावर जाते. आजही गेली होती. रागावू नये.

आपल्या पायाखालची गोष्ट मात्र आम्हांस दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. नाशिकरोडचे सुरक्षा मुद्रणालय आमच्या घरापासून पाचसहा मैलांवर. जन्मभर त्यावरून गेलो, कामगारांच्या पाळ्या सुटताना पाहिल्या. नोटांच्या चोरीवर एक कादंबरीही लिहिली; तीत भुयार होते, दोरखंड होते, पहारेकऱ्याला गुंगीचे औषध होते. आणि प्रत्यक्षात काय घडले? बनावट मुद्रांकांच्या प्रकरणातील तेलगी २००१ मध्ये अजमेरला पकडला गेला, आणि तपासात असे पुढे आले की त्याने मुद्रणालयातून मोडीत निघालेली यंत्रसामग्री हस्तगत केली होती. भुयार नाही, दोरखंड नाही, मोड! मोडीच्या व्यापारावर ज्या ज्ञातीची चूल पिढ्यानपिढ्या पेटली, जुने भांडे वजनावर घेऊन त्यातून नवे निघते हे ज्या घरातले पोरही जाणते, त्या घरातल्या रहस्यकथाकाराला हे सुचू नये! वर्तमानपत्रात ते वाचले त्या दिवशी आम्ही जेवलो नाही, असे घरातील मंडळी सांगतात. ती अतिशयोक्ती आहे. जेवलो, पण उशिरा.

येथवर आम्ही घटनांविषयी बोललो. घटना सापडावयास वेळ लागत नाही. उघडे कान असले की पुरे. माणूस सापडणे ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या शेजारच्या मुलखातलाच एक दाखला देतो. फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज तरुण निजामाच्या चाकरीत होता. तुळजापूर भागात तो पोलिसांच्या कामावर राहिला होता. पुढे पकडलेल्या ठगांपैकी जे माफीचे साक्षीदार झाले त्यांचे जबाब त्याने स्वतः समोर बसून, दिवसामागून दिवस, लिहून घेतले. १८३९ मध्ये त्याची 'एका ठगाचा कबुलीजबाब' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लंडनला निघाली आणि गाजली. तीत ठग स्वतः आपली कथा सांगतो. त्याच्याविषयी साहेबाची समजूत काय होती हे बाजूला ठेवू. पण तो ठग कागदावर श्वास घेतो, कारण लिहिणाऱ्याने त्याचे तोंडून ऐकले होते. टेलर ऐकत बसला. आम्ही बसलो नव्हतो. ती हकीकत सांगण्यासाठीच आज आम्ही येथे उभे आहोत.

१९७८ साली आमची एक कादंबरी निघाली. तीत एका पतपेढीचा चिटणीस रक्कम घेऊन नाहीसा होतो. ही घटना आपल्या ज्ञातीतील एका घरात खरोखर घडली होती, आणि ती आम्हांस लग्नाच्या एका पंगतीत, वाढणे चालू असताना, अर्ध्या वाक्यात समजली होती. आम्ही गाव बदलले, नाव बदलले, आडनाव तर पार दुसऱ्या जिल्ह्याचे घेतले. चिटणिसाला हावरट केले, त्याला मुंबईत एक बाई ठेवून दिली, आणि शेवटी घाटात मोटार कोसळून मारले. पुस्तक चांगले खपले. परंतु एक खूण आम्ही बदलावयास विसरलो होतो. त्या गृहस्थांना बोलताना डाव्या हाताने कोटाचे बटण फिरविण्याची सवय होती. ते बटण पुस्तकात राहून गेले. त्या वर्षी त्यांच्या मुलीची सोयरीक जमत आली होती. वरपक्षाकडील कोणी तरुणाने ती कादंबरी वाचली, बटण ओळखले, आणि बोलणे थांबले.

आम्हांस हे चार महिन्यांनी कळले. त्या घरी गेलो. त्या गृहस्थांच्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. नात्याने आम्हांस काकू लागत. त्यांनी आम्हांस पाटावर बसविले, पाणी दिले. रडारड नाही, शिव्याशाप नाहीत. आम्ही क्षमा मागत होतो आणि त्या वाती वळीत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तू चोर आमच्या घरातला नेलास रे, पण त्यानं का केलं ते न्यायला आला नाहीस. दार उघडंच होतं."

मग त्यांनी सांगितले. तो मनुष्य तिघा ज्ञातिबांधवांना पतपेढीच्या कर्जासाठी जामीन राहिला होता. तिघांनीही हप्ते थकविले. त्यांच्या दारी जाऊन पैसे मागावयाची त्याला लाज वाटे. एकाच्या घरी मुंज होती, दुसऱ्याच्या घरी आजारपण, तिसरा तर समोर दिसला की हसून रामराम करी. हा हप्ते स्वतःच्या पगारातून भरू लागला, पगार पुरेना तेव्हा पेढीच्या एका खात्यातून दुसऱ्यात फिरवू लागला, आणि हिशेबतपासनीस यावयाच्या आदल्या दिवशी गाडीत बसून निघून गेला. बरोबर नेलेली रक्कम भाड्यापुरती. मुंबईची बाई नाही, घाट नाही. जो स्वतःचे येणे मागू शकला नाही, असा चोर! तीस पुस्तके लिहूनही आम्हांस तो कल्पनेने सुचला नसता.

तुम्ही हे पुढे लिहिलेत काय, असे आपण विचाराल. नाही लिहिले. काकूंनी ते सांगितले होते ते लिहिण्यासाठी नव्हे. पण त्यानंतरच्या प्रत्येक पुस्तकात, गुन्हेगार ठरला की लेखणी ठेवून आम्ही स्वतःस विचारीत असू, याचे दार आपण ठोठावले काय? पुष्कळदा उत्तर नाही असे येई, आणि ते पुस्तक सहा महिने लांबे. प्रकाशक वैतागत. खपही पूर्वीइतका राहिला नाही, हे कबूल केले पाहिजे. लोकांना घाटात कोसळणारी मोटार आवडते. त्या मुलीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. आम्ही अक्षता टाकावयास गेलो होतो, मागच्या रांगेत उभे राहिलो. त्या तिघा ज्ञातिबांधवांची नावे आम्हांस ठाऊक आहेत. ती आम्ही कोणत्याही पुस्तकात घातली नाहीत आणि आजही घेणार नाही. फक्त एवढेच की, बटण मात्र आम्ही छापले होते.

आता आवरते घेतो. भोजनाची वेळ होत आली आहे, आणि आतून वासही येत आहे. जाता जाता आमच्या दुकानातील एका तांब्याविषयी सांगतो, कारण तो कित्येकांनी पाहिला आहे.

१९५६ च्या सिंहस्थात एक वृद्ध बाई तळाला चीर गेलेला तांब्याचा तांब्या वडिलांपाशी दुरुस्तीस देऊन गेल्या. "स्नान करून येते" म्हणाल्या. वडिलांनी तो त्याच संध्याकाळी नीट करून ठेवला. बाई आल्या नाहीत. त्यावर नाव घातलेले आहे, पण पहिली तीन अक्षरे झिजली आहेत, उरलेली 'बाई' एवढीच वाचता येतात. वडिलांनी तो विकला नाही, मोडीत घातला नाही. १९६९ च्या महापुरात भांडीबाजारात पाणी चढू लागले तेव्हा एका हातात चोपडी आणि दुसऱ्या हातात तो तांब्या घेऊन ते माडीवर गेले. आमच्या घरचे पितळ मात्र खाली राहिले. आम्ही त्यावर कादंबरी लिहिली, हे सांगावयास नको. चतुर्भुज अमीनाची पेटी डोक्यात होतीच, तेव्हा तांब्याला चोरतळ दिले, त्यात मृत्युपत्र ठेवले, आणि बाईंना संस्थानिकाची हरवलेली बहीण केले. ती वाचून वडील एवढेच म्हणाले की, चोरतळाच्या तांब्यात पाणी कमी मावते, ते गिऱ्हाइकाच्या हाताला लगेच कळले असते.

१९६८, १९८०, १९९१, २००३, २०१५ असे पाच सिंहस्थ त्यानंतर होऊन गेले. दरवेळी तो घासून दर्शनी फळीवर ठेवतो. पुढचा २०२७ चा. बाई आता हयात असणे शक्य नाही, हे आम्हांसही कळते. पण त्यांची कोणी नात-पणती स्नानास आली आणि तिला घरातल्या हरवलेल्या तांब्याची गोष्ट ठाऊक असली तर? तांब्यात वडिलांच्या हातची एक चिठ्ठी आहे. 'तळाची चीर बुजविली, मजुरी आठ आणे, येणे.' ती आम्ही अजून काढलेली नाही.